रिकामा तवा

स्वयंपाकघर हा आमच्या अधिकाराचा प्रांत नव्हे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलीं. तेवढ्या अवधींत चहा करणें आणि दूध उतूं जाऊं देणें यांपलीकडे आमची प्रगति झाली नाहीं. परंतु सहा-सात वर्षांपूर्वीं आमच्या सौभाग्यवतींनीं एक नवा तवा घरीं आणला आणि त्या प्रांताचें दार आमच्यापुढें किंचित् उघडलें. तवा काळा, गुळगुळीत, हातास हलका. त्यावर घातलेलें धिरडें चिकटत नाहीं, फाटत नाहीं, आणि उलथन्याचा नुसता स्पर्श होतांच एखाद्या समंजस विद्यार्थ्याप्रमाणें जागा सोडून बाजूला होतें. आईचीं धिरडीं बिडाच्या तव्यावर जाळीदार होत, पण त्या तव्यास हात बसावा लागे. या नव्या तव्यास हाताची गरजच नव्हती. ज्याला कांहीं येत नाहीं त्यालाही यश देणारी ही वस्तु पाहून आम्हीं शास्त्राचे मनांतल्या मनांत आभारही मानले होते. त्या तव्यामुळें, किंबहुना त्या तव्यावरच्या आमच्या आंधळ्या भरंवशामुळें, आमच्या घरांत जें घडलें तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमची मुलगी शिक्षणासाठीं बंगळुरास गेली, तेव्हां जातांना ती आजीच्या सोबतीस दोन पांखरें ठेवून गेली. बाजारांत त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात; वस्तुतः तीं ऑस्ट्रेलियांतलीं बजरीगर जातीचीं पांखरें. आपल्याकडील पोपट पिंजऱ्यांत ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं बंदी आहे, म्हणून हौशी लोक अशा परदेशी पांखरांकडे वळतात. आईला या भूगोलाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तिनें हिरव्याचें नांव राघू ठेवलें आणि निळीचें मैना. आईचें वय ब्यायशी. दृष्टि अधू झाल्यामुळें वाचन सुटलेलें. दिवसभर तिचे कान त्या किलबिलीकडे असत. सकाळीं पिंजऱ्यावरचें कापड काढणें, राळ्याचे दाणे आणि पाणी बदलणें, पालकाचें एखादें पान तारेंत अडकविणें आणि रात्रीं पुन्हां कापड पांघरणें, हा तिचा नेम देवपूजेइतकाच काटेकोर होता. पिंजरा स्वयंपाकघर व जेवणघर यांच्यामधल्या खिडकीपाशीं टांगलेला असे, कारण ती स्वतः बहुतेक वेळ तेथेंच बसे.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. सौभाग्यवती बहिणीकडे नाशिकास गेल्या होत्या. पावसाची झड लागलेली, म्हणून खिडक्या सर्व बंद. आई देवघरांत होती. न्याहरीसाठीं आम्हीं धिरडीं करावयाचें ठरविलें, पीठ कालविलें, तवा मोठ्या आंचेवर ठेवला, आणि तो तापेपर्यंत म्हणून पलीकडच्या खोलींत जाऊन टेबलावरची एक उत्तरपत्रिका उचलली. परीक्षकाचें मन एका उत्तरपत्रिकेवर कधींच थांबत नाहीं. चौथीच्या मध्यावर तव्याची आठवण झाली. धांवत गेलों तों तवा जसाच्या तसा. धूर म्हणावा असा धूर नव्हता; करपल्याची खूण नव्हती, कारण करपावयास त्यावर कांहीं नव्हतेंच. प्लॅस्टिक तापल्यासारखा किंचित् उग्र वास तेवढा येत होता. आम्हीं गॅस बंद केला आणि कांहीं बिघडलें नाहीं याबद्दल समाधान मानलें.

इतक्यांत राघू दांडीवरून खालीं पडला. मैना तारा नख्यांनीं घट्ट धरून, चोंच वासून, शेपटी खालींवर करीत धापा टाकीत होती. आम्हीं पिंजरा हालविला, पाणी शिंपडलें, ऊब मिळावी म्हणून दिवा जवळ नेला. एक खिडकी उघडणें तेवढें सुचलें नाहीं. आई पूजा आटोपून बाहेर आली तोंपर्यंत मैनाही गेली होती.

आई बराच वेळ पिंजऱ्यापाशीं उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “रात्री कापड घालायचं राहिलं रे माझ्याकडून. गारठ्यानं गेली बिचारी.”

आम्ही गप्प राहिलों. खरें कारण त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हतें, हें सत्य आहे. परंतु तव्याचा आणि या मरणाचा कांहीं संबंध असावा अशी शंकाही मनास शिवली नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं. कांहीं मिनिटांच्या अंतरानें घडलेल्या दोन गोष्टी मनुष्य सहज जोडतो. त्या जोडावयाच्या नसल्या म्हणजे त्याला तर्कशास्त्र आठवतें. एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं, असें आम्ही मुलांस सांगत असतों. तेंच सूत्र त्या दिवशीं आमच्या मदतीस धांवून आलें. संध्याकाळीं आमचें डोकें दुखूं लागलें आणि अंगांत कणकण आली, तीही आम्हीं पावसाच्या खात्यावर मांडली. आईनें मात्र तें कापड धुऊन, घडी करून पिंजऱ्यावर ठेवलें, आणि पुढचे चार दिवस ती आल्यागेल्यास आपल्या विसरभोळेपणाची गोष्ट सांगत राहिली.

चौथ्या दिवशीं महाविद्यालयांतून परततांना आम्ही वाटेवरच्या एका पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “घरांत एखादं नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं होतं का?” त्या प्रश्नाबरोबर चार दिवस जपलेलें आमचें तर्कशास्त्र कोलमडलें.

नंतर जें त्यांच्याकडून कळलें आणि जें पुस्तकें चाळून जमविलें, तें थोडक्यांत असें. या भांड्यांवर जो लेप असतो त्याचें रासायनिक नांव पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन. कार्बन आणि फ्लुओरीन यांच्या लांबच लांब सांखळ्यांचा हा पदार्थ ६ एप्रिल १९३८ रोजीं रॉय प्लंकेट नांवाच्या तरुण अमेरिकन रसायनज्ञास अकल्पितपणें सांपडला. तो शोधीत होता शीतकपाटांत वापरण्याजोगा वायु. वायूनें भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायु बाहेर येईना. वजन मात्र पूर्वींइतकेंच. नळकांडें कापून पाहिलें तों आंत पांढरी, मेणचट भुकटी! हिला कांहीं चिकटत नाहीं आणि आम्लें हिचें कांहीं वांकडें करूं शकत नाहींत, असें पुढें आढळून आलें. फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार या अभियंत्यानें मासे धरण्याच्या सामानास हा पदार्थ लावून पाहिला. तो आपल्या भांड्यांस कां लावूं नये, असें त्याच्या पत्नीनें सुचविलें, आणि १९५४ च्या सुमारास न चिकटणारें भांडें जन्मास आलें. एका गृहिणीच्या व्यवहारी प्रश्नांतून निघालेली ही वस्तु जगांतल्या असंख्य गृहिणींच्या उपयोगीं पडली, यांत नवल नाहीं.

नेहमींच्या स्वयंपाकांत हा लेप उपद्रव देत नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. तळण सुमारें १८० अंशांवर होतें. लेप बिघडूं लागतो तो सुमारें २६० अंशांच्या पुढें. भांड्यांत अन्न शिजत असेल तर सहसा तेथपर्यंत मजल जात नाहीं. परंतु मोठ्या आंचेवरचा रिकामा तवा ती मजल थोड्याच मिनिटांत गांठतो. मग लेपांतून अतिसूक्ष्म कण आणि विषारी वायु सुटतात. डोळ्यांना ते बहुधा दिसत नाहींत, नाकालाही फारसे कळत नाहींत. माणसास त्यामुळें कणकण येते, डोकें दुखतें, आणि दिवस-दोन दिवसांत उतार पडतो. पांखरांचीं फुप्फुसें मात्र रक्तानें आणि पाण्यानें भरून येतात. उपचारास वेळच राहत नाहीं.

एकाच हवेंत आम्ही वांचलों आणि पांखरें कां गेलीं, याचें उत्तर त्यांच्या श्वासाच्या रचनेंत आहे. माणसाचा श्वास भरती-ओहोटीसारखा असतो. ज्या वाटेनें हवा आंत जाते त्याच वाटेनें ती बाहेर येते, आणि शिळी हवा थोडीबहुत मागें उरतेच. पांखराच्या शरीरांत फुप्फुसांखेरीज हवेच्या पातळ पिशव्या असतात, बहुधा नऊ. त्यांच्या साहाय्यानें ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहत राहते, श्वास घेतांनाही आणि सोडतांनाही. शिवाय हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अत्यंत तलम. उडण्याचे श्रम सोसण्यासाठीं निसर्गानें ही काटकसर साधली आहे. पण जी रचना प्राणवायु इतक्या तत्परतेनें उचलते, ती विषही तितक्याच तत्परतेनें उचलते. बजरीगर पांखराचें वजन तें किती? तीस-चाळीस ग्रॅम. एवढ्याशा देहाला आमच्या चार उत्तरपत्रिका फार झाल्या.

खरी लाज पुढेंच आहे. ‘कोळशाच्या खाणींतला कॅनरी’ असा एक वाक्प्रचार इंग्रजींत आहे. येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना देणारा, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार आम्हीं किती वर्गांना समजावून दिला असेल याची गणती नाहीं. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं खाणींतल्या स्फोटांनंतर माणसें कशानें मरतात याचा शोध घेऊन १८९६ सालीं अहवाल लिहिला. बहुतेक माणसें भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायूनें मरतात, असें त्यांनीं दाखविलें, आणि हा वायु ओळखण्यासाठीं उंदीर किंवा कॅनरीसारखे छोटे जीव बरोबर न्यावेत असें सुचविलें. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी १९८६ पर्यंत कामावर होता. मग त्याची जागा यंत्रानें घेतली. बेशुद्ध पडलेल्या कॅनरीस लगेच प्राणवायु देऊन शुद्धीवर आणतां यावें, अशी सोय असलेले पिंजरेही निघाले होते. याच हॉल्डेनांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन पुढें भारताचे नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले, हा तपशीलही आम्ही वर्गांत मोठ्या ऐटींत पुरवीत असूं. आणि आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरापासून चार हातांवर पिंजरा टांगलेला असतां त्या वाक्प्रचाराचा अर्थ आम्हांस कळला नव्हता!

बरें, ही कांहीं केवळ विलायती विद्या नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणांत राजवाड्याच्या रक्षणाचा विचार आहे. सर्पविषाची शंका येतांच पोपट, साळुंकी व भृंगराज ओरडूं लागतात, विष जवळ असतां क्रौंच बेभान होतो, जीवंजीवक मलूल पडतो, मत्तकोकिल मरतो आणि चकोराचे डोळे तांबडे होतात, असें तेथें सांगितलें आहे. आजचें शास्त्र ही यादी जशीच्या तशी पत्करणार नाहीं. पण पांखराला हवेंतलें आणि अन्नांतलें विष माणसाच्या आधीं बाधतें, ही जाण जुनी आहे. राजा काय किंवा खाणकामगार काय, त्यांनीं पांखरें स्वार्थासाठीं ठेवलीं. पण त्यांच्याकडे कोणाचें तरी सतत लक्ष असे. आम्हीं तीं प्रेमानें ठेवलीं. त्यांचे दाणे, पाणी, कापड, सर्व पाहिलें. तीं आपल्याच घरांतली हवा घेऊन जगतात, एवढेंच ध्यानांत घेतलें नाहीं. घर निर्धोक आहे कीं नाहीं हें आपण घरांतल्या सर्वांत धडधाकट माणसावरून ठरवितों. तें ठरवावयाचें असतें घरांतल्या सर्वांत लहान श्वासावरून.

घरीं येऊन आम्हीं तव्याबरोबर आलेलें पत्रक खणांतून शोधून काढलें. तवा रिकामा तापवूं नये आणि पाळीव पांखरें स्वयंपाकघरांत ठेवूं नयेत, असें त्यांत बारीक अक्षरांत छापलेलें होतें. मजकूर इंग्रजी होता. जन्मभर इंग्रजी वाचून पोट भरणाऱ्या आम्हांस तेवढेंच इंग्रजी वाचावयाचें राहिलें होतें.

त्या रात्रीं आईस सर्व सांगितलें. पन्नाशी उलटलेल्या मुलानें आईपुढें चूक कबूल करणें दहा वर्षांच्या मुलापेक्षां कठीण असतें, याचा अनुभव आला. आम्हांस वाटलें होतें, ती रागावेल किंवा रडेल. तिनें विचारलें, “फार त्रास झाला का रे त्यांना?” फार वेळ झाला नाहीं, एवढेंच आम्ही सांगूं शकलों. थोडा वेळ ती हातांतल्या जपमाळेशीं चाळा करीत बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझं कापड नव्हतं.” आणि पुन्हां कांहीं वेळानें, “हे मला चार दिवस आधी सांगायचंस.”

या तीन वाक्यांपैकीं तिसऱ्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पांखरें मेलीं तीं आमच्या अज्ञानानें. त्या अज्ञानास कदाचित् क्षमा असेल. परंतु चार दिवस एक ब्यायशी वर्षांची बाई स्वतःला दोषी समजत राहिली, ती आमच्या सोयीच्या मौनामुळें.

त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां साताऱ्याचें जुनें घर आठवलें. आम्ही शाळेंत असतां एका चैत्रांत माजघरांतल्या छताच्या पंख्यावर, दांडीला असते त्या वाटींत, चिमणीनें घरटें केलें. वडील शाळामास्तर, पंखा हीच घरांतली एकमेव चैन. त्यांनीं बटणावर चिठी चिकटविली : ‘पंखा लावूं नये. वर बिऱ्हाड आहे.’ पिलें उडून जाईपर्यंत, ऐन वैशाखांत, त्या घरांत पंखा फिरला नाहीं. पाहुण्यांच्या हातीं वाळ्याचा पंखा दिला जाई आणि वडील बोटानें वर दाखवीत. ती चिमणी कोणी विकत आणलेली नव्हती. तिचें नांव राघू नव्हतें कीं मैना नव्हतें. वडिलांस हवेच्या पिशव्यांचें शास्त्र ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांना एवढेंच ठाऊक होतें कीं हें यंत्र आपल्यासाठीं आहे, आणि घरांत आपल्याखेरीज आणखीही कोणी आहे.

असो. ज्यांच्या घरीं पांखरें आहेत त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणें आमचें कर्तव्य आहे. पिंजरा स्वयंपाकघराजवळ नसावा. पण नुसत्या अंतरावर विसंबूं नये, कारण बंद घरांत हा वायु सर्व खोल्यांतून पसरतो. लेपाचें भांडें रिकामें तापवूं नये, मोठ्या आंचेवर ठेवून दुसऱ्या कामास लागूं नये, आणि स्वयंपाक चालू असतां खिडकी उघडी असावी. त्याहून बरें म्हणजे लोखंड, बीड किंवा स्टीलच वापरावें. हाच लेप कांहीं इस्त्र्यांच्या तळास आणि कांहीं विजेच्या शेगड्यांच्या भागांसही असतो. म्हणून नवें उपकरण घेतांना पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. डांसांच्या वड्या, कीटकनाशकांचे फवारे, उदबत्तीचा व धुपाचा दाट धूर यांपासूनही पांखरांस जपावें. त्यांना खोलींत मोकळें सोडावयाचें तर आधीं छताचा पंखा बंद करावा, उकळतें दूध आणि तापलें तेल झांकावें, आणि विजेच्या तारा चोंचीच्या आटोक्याबाहेर ठेवाव्यात. आणि पांखरूं चोंच वासून धापा टाकूं लागलें तर पाणी किंवा ऊब यांच्या नादीं न लागतां त्याला प्रथम मोकळ्या हवेंत न्यावें, मग पशुवैद्याकडे.

ज्यांच्या घरीं पांखरें नाहींत त्यांनींही हें सर्व परक्याचें समजूं नये. बंद न्हाणीघरांतल्या गॅसच्या गीझरनें माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों. तो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे हॉल्डेनांच्या खाणींतलाच वायु. तेथें आपल्याआधीं दांडीवरून पडून सूचना देणारें कोणी नसतें.

दिवाळींत मुलगी घरीं आली. तिलाही सर्व सांगावें लागलें. तिच्या बाबतींत मात्र आम्हीं चार दिवस थांबलों नव्हतों, त्याच रात्रीं दूरध्वनि केला होता. दुसरी जोडी आणूं का, म्हणून तिनें आजीस विचारलें. आई म्हणाली, “नको गं. बाहेर येतात तीच पुरेत.” स्वयंपाकघराची खिडकी आतां पावसांतही अर्धी उघडी असते, आणि तिच्या बाहेरच्या कट्ट्यावर आई रोज सकाळीं तांदळाची कणी टाकते. पारवे फार येतात, चिमण्या थोड्या. त्या आल्या कीं तिला आवाजावरून कळतें.

काळा तवा माळ्यावर गेला आहे. आम्ही आतां आईच्या बिडाच्या तव्यावर धिरडीं घालतों, आणि तवा तापेपर्यंत त्याच्यापुढून हालत नाहीं. पहिलीं तीन-चार हटकून फाटतात. आई तींच आपल्या ताटांत वाढून घेते आणि बोटानें चांचपून म्हणते, “आता जाळी पडायला लागली हं.”